पहिली अंघोळ



दसरा झाला, सोनं वाटून झालं. आता गटाच्या बैठकीत हप्त्यापेक्षा चकलीच्या भाजणीचीच चर्चा जास्त असते. मी समन्वयक, त्यामुळं मला म्हणावं लागतं, “आधी रजिस्टर भरा गं, मग भाजणी.” पण खरं सांगू का, माझंही अर्धं लक्ष भाजणीकडंच असतं. म्हणून आज रजिस्टर मिटून ठेवू. आज दिवाळीबद्दल बोलू. फराळाबद्दल थोडं, आणि घरातल्या एका माणसाबद्दल जास्त.

आधी फराळाचं सांगते, कारण त्यात दोन पैशांचा फायदा आहे.

दिवाळी येते तेव्हा आपल्या हातात पैसा नसतो. सोयाबीन रानात नाहीतर खळ्यावर असतं, विकायचं राहिलेलं असतं. शाळूची पेरणी चालू असते, बी-खताला पैसा गेलेला असतो. मग दुकानातून उधार आणायचं आणि संक्रांतीपर्यंत फेडत बसायचं. आमच्या गटात आम्ही १२ जणी आहोत. आम्ही ठरवलं की, जानेवारीपासून दर महिन्याला बचतीबरोबर ५० रुपये जादा काढायचे आणि ते वेगळे लिहायचे. सप्टेंबरपर्यंत नऊ महिन्यांचे एकीचे ४५० रुपये होतात, बारा जणींचे ५,४०० रुपये. त्यातून तेलाचा १५ किलोचा डबा, डाळी, रवा, साखर एकदमच आणतो. सगळं त्यात भागतं असं नाही. वर थोडे घालावे लागतात. पण उधारीची वही उघडत नाही.

आणि फराळ एकत्र करतो. आज एकीच्या घरी चकल्या, उद्या दुसरीच्या घरी करंज्या. एकटीनं करंज्या करायच्या म्हणजे लाटायचं, भरायचं, कातायचं, तळायचं, सगळं आपणच. तिसऱ्या घाण्याला कंबर धरते. चार जणी बसल्या की तेच काम गप्पांत होतं. पहिल्या वर्षी आमच्या चकल्या तेलात सोडल्या की विरघळायला लागल्या. मोहन जास्त झालं होतं. आमच्या गटातली एक आज्जी म्हणाली, “रडताय काय, त्यात अजून भाजणी मळा.” कोरडी भाजणी घालून पुन्हा मळलं आणि चकली उभी राहिली. आता आमचं प्रमाण ठरलेलं आहे. एक किलो तांदूळ, अर्धा किलो हरभरा डाळ, पाव किलो उडीद डाळ, पाव किलो मूगडाळ, मूठभर पोहे, आणि बेतानं धने-जिरे. धान्य धुऊन सावलीत वाळवायचं, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. गिरणीत वीज गेली तर डबा नंबरात ठेवून घरी यायचं, भांडत बसायचं नाही.

फराळ झाला. आता घरात या.

शाळेला सुट्टी लागली की पोरं अंगणात किल्ला करतात. दगड, विटा, चिखल, वर ओलं पोतं. किल्ल्यावर हिरवळ हवी म्हणून अळीव टाकतात, नाहीतर मोहरी. माझा पोरगा दिवसातून दहा वेळा पाणी मारतो आणि उगवलं का बघतो. शिवाजी महाराज सिंहासनावर, मावळे पायऱ्यांवर, आणि एका बाजूला कुठून तरी मिळालेला प्लास्टिकचा हत्ती. तिकडं माझी लेक आज्जीबरोबर दारात शेणाच्या गवळणी घालत असते. या सगळ्याला पैसा लागत नाही. पण पोरांना विचारा दिवाळी कशी झाली, तर ती कपड्यांआधी किल्ल्याचं सांगतात.

आता त्या आज्जीचं सांगते, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. मी त्यांना आत्या म्हणते.

आमच्याकडं नरकचतुर्दशीला पहिली अंघोळ म्हणतात. त्या दिवशी आत्या पहाटे साडेतीनला उठायच्या. शेणी आणि काटक्या घालून बंब पेटवायच्या. तेल कोमट करायच्या, उटणं कालवायच्या, पाटाभोवती रांगोळी काढायच्या. मग एकेकाला उठवून पाटावर बसवायचं. आधी मामंजी, मग आमचे हे, मग पोरं. मी लग्न होऊन आले त्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मलाही पाटावर बसवलं होतं, केसांना तेल चोळलं होतं. त्यांच्या हाताला जोर आहे. डोळे मिटायचे आणि झोपच यायची. सगळ्यांचं झालं की त्या बंबातलं उरलेलं पाणी घेऊन पटकन अंघोळ करून यायच्या आणि चुलीपुढं बसायच्या. मी हे दहा वर्षं बघत होते, पण मला त्यात काही दिसलं नव्हतं.

मग मामंजी वारले. त्यानंतरच्या दिवाळीला आत्यांनी बंब पेटवला, तेल चोळलं, सगळं केलं. पण ओवाळायचं ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः दाराच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. त्या आपणहून गेल्या, आणि आम्ही जाऊ दिलं.

माझी लेक तेव्हा चौथीत होती. अंगाला तेल लावून घेता घेता तिनं विचारलं, “आज्जी, तुझ्या पाठीला तेल कोण लावतं?”

आत्या म्हणाल्या, “माझं मी लावते.”

“पण पाठीला हात पोचतो का तुझा?”

आत्या हसल्या आणि म्हणाल्या, “गप बस, पाणी गार होतंय.”

मैत्रिणींनो, मी गावोगाव बैठका घेते. बाईचं आरोग्य, बाईचा मान, सगळ्यावर बोलते. त्या पहाटे मात्र मी काहीच बोलले नाही. बंबातलं पाणी संपत आलं होतं, करंज्या तळायच्या राहिल्या होत्या, म्हणून मी पुढच्या कामाला लागले. तो प्रश्न वर्षभर माझ्या डोक्यात राहिला.

पुढच्या वर्षी आदल्या संध्याकाळी मी म्हटलं, “आत्या, उद्या बंब मी पेटवणार. तुम्ही पाटावर बसायचं.”

त्या रागावल्याच. “मला कशाला? माझी कसली आलीया दिवाळी आता. लोक काय म्हणतील?”

मी ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, “तिला नको असेल तर कशाला आग्रह करते?” मला वाईट वाटलं. पण पहाटे मी बंब पेटवून आत आले, तर पाट मांडलेला होता. ह्यांनीच मांडला होता. बोलले काही नाहीत.

आत्या आल्या. पाटाजवळ उभ्या राहून म्हणाल्या, “तेल लाव. पण कुंकू लावायचं नाही. ते मला नगं.”

मी म्हटलं, “बरं.”

मी त्यांच्या पाठीला तेल लावलं. एवढी वर्षं एका घरात राहते, पण त्यांची पाठ मी पहिल्यांदा बघितली. डाव्या खांद्यावर बोटभर लांब जुना व्रण आहे. मी विचारलं, “हे काय झालं होतं?” तर म्हणाल्या, “७२ सालचा दुष्काळ. खडी फोडायला जात होतो आम्ही. मी चौदा वर्षांची. वरून पाटी पडली.” मग एकेक सांगायला लागल्या. कामावर सुकडी मिळायची, ती त्या धाकट्या भावाला घरी आणायच्या. त्या दिवाळीला घरात मिलोची लाल भाकरी होती, गोड काही नव्हतं. पण आईनं कुठून तरी वाटीच्या तळाला होतं तेवढं तेल आणलं आणि पाची पोरांच्या पाठीला लावलं. पुढच्या वर्षी आत्यांचं लग्न झालं.

मी विचारलं, “आणि त्यानंतर?”

“त्यानंतर बाळंतपणात सुईणीनं लावलं. बाकी माझ्या पाठीला कुणाचा हात नाही लागला.”

त्या हे साध्या आवाजात बोलल्या, तक्रार म्हणून नाही. मी तेल चोळत राहिले. मला दुसरं काही सुचलं नाही.

अंघोळ झाल्यावर लेकीनं कुंकू न लावता नुसता दिवा ओवाळला आणि आज्जीच्या तोंडात साखर घातली. पोरानं फुलबाजी पेटवली. तेवढ्यात आमच्या भावकीतल्या एक बाई फराळाचं ताट घेऊन आल्या. पाटावर आत्यांना बघून म्हणाल्या, “हे काय नवीन?”

मी उत्तर शोधतेय तोवर आत्याच म्हणाल्या, “तेल लावायचं काय नवीन? पाठ दुखत होती माझी.”

त्या बाई हसल्या आणि बसल्या. आत्यांनी त्यांना करंजी दिली, स्वतःही एक घेतली. दिवाळीच्या सकाळी, सगळ्यांच्या आधी, गरम करंजी त्यांनी खाल्लेली मी पहिल्यांदा बघितली.

गेल्या वर्षी तर मलाच हाक आली. पहाटे चारला आत्या अंधारातून विचारत होत्या, “अगं, तापलं का पाणी?”

तुमच्यापैकी काहींना कोल्हापूर जिल्ह्यातलं हेरवाड गाव माहीत असेल. शिरोळ तालुक्यात आहे. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे सगळं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही त्या वाटेनं जायला सांगितलं. तुमच्या ग्रामसभेत असा ठराव झालाय का, ते विचारा. झाला नसेल तर गटानं मिळून विषय मांडा.

पण ठराव झाला तरी आपल्या घरातला पाट आपल्यालाच मांडावा लागतो. आणि एक गोष्ट मी आत्यांकडून शिकले. कुणावर काही लादायचं नाही. त्यांना कुंकू नको होतं, तेल हवं होतं. दुसऱ्या एखादीला गजरा हवा असेल, किंवा हळदीकुंकवाला बोलावणं हवं असेल. आपण विचारायचं. आपण विचारतच नाही, तिला चालायचं नाही असं आपणच ठरवून टाकतो.

आणि हे फक्त नवरा गेलेल्या बाईचंच आहे असं नाही. घरात बंब पेटवणारी जी कोण असेल, सासू, सून, थोरली जाऊ, ती शेवटी अंघोळ करते, उरलेल्या पाण्यात. तुम्हीही त्यातल्याच असाल. मग नवऱ्याला सांगा, पोराला सांगा, पाठीला तेल लाव म्हणून. लाजायचं काय त्यात?

तर दिवाळीआधीच्या बैठकीत तीन कामं करू. एक, फराळ कुणाकडं कधी करायचा ते वार ठरवून लिहा. ज्यांचं सोयाबीन काढायचं असेल त्यांचा वार शेवटी ठेवा. दोन, पुढच्या वर्षासाठी जानेवारीपासून दिवाळीचे जादा पैसे किती काढायचे ते ठरवा. ५० जमत नसतील तर २० काढा, पण वेगळे लिहा. आणि तीन, प्रत्येकीनं घरी जाऊन एका बाईला विचारायचं, तुमच्या पाठीला तेल कोण लावतं? दिवाळीनंतरच्या बैठकीत हप्त्याआधी मी हेच विचारणार आहे, तयारीनं या.

आमच्या घरी यंदा बंब कोण पेटवणार यावरून आतापासूनच वाद चालू आहे. पोरगा म्हणतो मी पेटवणार. आत्या म्हणतात, “तू किल्ला बघ. तुला शेणी कळत नाहीत.”

तुम्हा सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. नमस्कार.