सार्वजनिक गोल्फ-मैदानाची पारख

जमिनीची भूक सर्वांत मोठी असलेला खेळ कोणता, असें कोणी विचारल्यास गोल्फचें नांव घ्यावें लागेल. हुतूतूस अंगण पुरतें, कुस्तीस मूठभर लोकांनीं खणलेला हौदा पुरतो आणि खो-खोस शाळेच्या आवारांतील एक कोपरा पुरतो. गोल्फच्या पूर्ण मैदानास मात्र साधारणतः शंभर ते दीडशें एकर जमीन लागते. हिंगोली जिल्ह्यांत तेवढ्या काळ्या जमिनीवर कितीतरी कुटुंबांचें पोट भरतें. म्हणून गोल्फचें मैदान चांगलें कीं वाईट, हें केवळ हिरवळीकडे पाहून ठरत नाहीं. आंत कोणास जातां येतें, तेथें पाणी कोठून येतें आणि ती जमीन पूर्वीं कोणाच्या उपयोगाची होती, हे तीन प्रश्न प्रथम विचारले पाहिजेत.

खेळाची मूळ कल्पना अगदीं सोपी आहे. विटीदांडूंत मुलें जशी जमिनींत गल खणतात, तसा येथें सव्वाचार इंच व्यासाचा खळगा असतो. त्यास ‘होल’ म्हणतात. दूरच्या एका ठिकाणाहून सुमारें शेंचाळीस ग्रॅम वजनाचा कठीण चेंडू काठीनें टोलवीत न्यावयाचा आणि कमींत कमी टोल्यांत खळग्यांत घालावयाचा. असे अठरा खळगे ओळीनें पुरे करतांना खेळाडूची सात-आठ किलोमीटर चाल सहज होते. धक्काबुक्की नाहीं, धावपळ नाहीं. त्यामुळें सोळा वर्षांचा विद्यार्थी आणि सत्तरीचे आजोबा एकाच डावांत भाग घेऊं शकतात.

‘सार्वजनिक’ हा शब्द या खेळास नवा नाहीं. स्कॉटलंडमध्यें सेंट अँड्र्यूज हें समुद्रकांठचें गांव गोल्फचें माहेरघर मानतात. तेथील मैदान १७६४ सालीं बावीस होलांवरून अठरांवर आलें आणि तीच संख्या पुढें जगभर रूढ झाली. ही जमीन मध्यंतरीं खासगी मालकीकडे गेली होती. १८९४ च्या कायद्यानें ती नगरपालिकेस परत मिळवितां आली. आज तिचा कारभार विश्वस्तमंडळ पाहतें. परगांवच्या खेळाडूंस सोडतीनें पाळी मिळूं शकते, आणि मोठ्या स्पर्धांचे अपवाद सोडले तर रविवारीं तेथील जुन्या मैदानावर खेळ बंद ठेवून गांवकऱ्यांस फिरावयास मोकळीक असते. जगांतील सर्वांत मानाचें हें मैदान गांवाच्या मालकीचें आहे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशांत हा खेळ आला तो मात्र साहेबांच्या क्लबांतून. कलकत्त्यास १८२९ मध्यें आणि मुंबईस १८४२ मध्यें गोल्फच्या संस्था निघाल्या. सभासदाची ओळख असल्यावांचून त्यांच्या आवारांत पाऊल टाकणें कठीण असे. पुढें ठिकठिकाणच्या लष्करी छावण्यांतही मैदानें झालीं. हिंगोली हीही हैदराबाद कॉन्टिन्जन्टची छावणी होती. १९०३ मध्यें तें सैन्य हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झालें आणि हिंगोलीचें छावणीपण सरलें. स्वातंत्र्यानंतरही बहुतेक मैदानें क्लबांकडे किंवा लष्कराकडेच राहिलीं. दिल्ली विकास प्राधिकरणानें कुतुबमिनाराजवळ लाडोसराई येथें मैदान उघडलें तें २००० सालीं, आणि देशांतील पहिलें सार्वजनिक गोल्फ-मैदान म्हणून त्याची ख्याति झाली. महाराष्ट्रांत सिडकोनें नवी मुंबईंत खारघर येथें, पांडवकड्याच्या डोंगरांच्या सान्निध्यांत, असेंच मैदान केलें आहे.

आतां पारख कशी करावी तें पाहूं. पहिली कसोटी फाटकाची. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याच्या उत्सवास जाणाऱ्या माणसास कोणाचें शिफारसपत्र न्यावें लागत नाहीं. गोल्फच्या ज्या मैदानावर ठराविक शुल्क भरून आणि वेळ राखून कोणाही अनोळखी माणसास खेळतां येतें, तेंच खरें सार्वजनिक. कांहीं ठिकाणीं नांव सार्वजनिक असतें, परंतु सभासदांचे तास सोडून उरलेली दुपारची होरपळ तेवढी पाहुण्यांच्या वांट्यास येते. म्हणून शुल्क किती, एवढेंच विचारून थांबूं नये. कोणत्या दिवशीं व कोणत्या वेळीं प्रवेश आहे, काठ्या भाड्यानें मिळतात कीं नाहीं, आणि पूर्वप्रावीण्याचा दाखला मागतात काय, हें निघण्यापूर्वींच विचारून घ्यावें.

दुसरी कसोटी नवशिक्याच्या सोयीची. पहिल्याच दिवशीं अठरा होलांच्या लांबलचक मैदानावर उतरणें म्हणजे पोहण्याचा पहिला धडा पुरांत घेणें होय. जेथें केवळ टोले मारण्याचा सराव करण्यास वेगळी जागा आहे, शिकविणारा माणूस आहे आणि नऊच होल खेळून थांबतां येतें, तें मैदान नवशिक्यास अधिक हिताचें. मैदानावर काठ्यांचा भार वाहणारा जो साथीदार असतो, त्यास ‘कॅडी’ म्हणतात. त्याच्याशीं व्यवस्थापक कसे वागतात, हेंही पाहावें. १९९१ मध्यें इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा कॅडीपासूनच वर आला होता. ज्या मैदानावर कॅडीच्या मुलास हातांत काठी धरूं देतात, तेथें खेळ रुजतो.

तिसरी कसोटी पाण्याची, आणि मराठवाड्याच्या माणसास ती कोणी शिकवावयास नको. २०१६ च्या उन्हाळ्यांत लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. मोठ्या मैदानाची हिरवळ उन्हाळ्यांत दररोज लाखों लिटर पाणी पिते. तें पाणी शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून घेतलेलें असेल तर ठीक; पिण्याच्या पाण्याचें किंवा विहिरींचें असेल, तर तेथील हिरवळ कितीही मोहक असो, तिची किंमत शेजारची वस्ती देत असते.

हिंगोलीच्या हौशी खेळाडूस तूर्त जिल्ह्याबाहेरच पाहावें लागतें. अकोला-पूर्णा लोहमार्ग हिंगोलीवरून जातो. दक्षिणेस पूर्णा-नांदेडमार्गें हैदराबाद गांठतां येतें, उत्तरेस अकोल्याहून मुंबईची वाट आहे. हैदराबादेस गोवळकोंड्याच्या नया किल्ल्याच्या परिसरांत मैदान आहे. तेथें जुनी तटबंदी आणि प्रचंड बुंध्याची प्रसिद्ध गोरखचिंच दृष्टीस पडते. मात्र पुरातन वास्तूंच्या आवारांत गोल्फ असावा काय, यावरून तेथें वादही झाले आहेत. पुण्यास येरवड्याचें मैदान जुनें व नामांकित आहे. परंतु तें क्लबाचें असल्यानें पाहुण्यांचे नियम आधीं समजून घेणें अवश्य. टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें खेळलेला उदयन माने हा पुण्याचाच. ओळखीपाळखीवांचून खेळूं इच्छिणाऱ्यास या तिहींत खारघर अधिक सोयीचें; पण कोंकणचा पाऊस टाळून कार्तिक ते फाल्गुन या काळांत जावें, आणि शनिवार-रविवारची गर्दी चुकवावी.

मग हिंगोलीस स्वतःचें मैदान असावें कीं काय? आपली काळी जमीन पावसांत फुगते आणि उन्हांत भेगाळते. तिच्यावर मऊ हिरवळ राखणें महाग आणि पाण्याच्या दृष्टीनें अन्यायाचें होईल. परंतु कोरड्या प्रदेशांत खळग्याभोंवतीं हिरवळीऐवजीं दाबून सारखी केलेली वाळू वापरण्याची चाल आहे. असल्या जागेस ‘ब्राऊन’ म्हणतात. माळरानाच्या मुरमाड पट्ट्यावर, गुरांच्या चराईस धक्का न लावतां, चार-पांच होलांचा सराव अशा रीतीनें करतां येईल. त्यासाठीं गायरान मात्र कोणी कुंपणांत घालूं नये. गांवाच्या गुरांचा घास काढून जें मैदान उभें राहतें, त्याच्या फाटकावर ‘सार्वजनिक’ अशी पाटी लावणें लोकांची थट्टा ठरेल.

याबाबतींत नाशिकचें उदाहरण मननीय आहे. तेथील विस्तीर्ण मैदान आजही लोकांच्या तोंडीं ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणूनच आहे; परंतु त्याचें नांव आहे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. १९०९ मध्यें नाशिकच्या जॅक्सन कलेक्टरावर गोळी झाडून १९१० मध्यें फांशीं गेलेल्या तरुणाचें नांव त्या जागेस मिळालें. तेथें रणजी करंडकाचे सामने झाले आणि पहाटे शहरांतील आबालवृद्ध तेथें फेऱ्या मारावयास येतात. गोल्फ तेथून गेला. पण जागा सर्वांस मिळाली. ज्यास गोल्फ खेळावयाचा आहे त्यानें तो अवश्य खेळावा, दूर जाऊनही खेळावा. फक्त अशी जागा निवडावी कीं जेथें त्याच्या खेळामुळें दुसऱ्या कोणाची वाट, पाणी किंवा चारा बंद झालेला नाहीं.