मोबाईलवरचं सोंग

"पोरगी मोबाईलवर लिहिते, मी राणी, मी चेटकीण. हे काय खूळ?" असं बचत गटाच्या बैठकीत आम्हाला विचारतात. त्या खेळाला 'रोलप्ले' म्हणतात.

हा सोंगाचाच खेळ. आपल्या अकोले तालुक्यात बोहाडा होतो. रावणाचा मुखवटा चढवलेला माणूस रात्री रावण असतो आणि सकाळी शेतावर जातो. मोबाईलवर मुखवटा शब्दांचा. एकजण लिहितो, "राणीने दार उघडलं." पुढचं दुसरा लिहितो. गोष्ट महिनोन्‌महिने चालते. जिंकणं-हरणं नाही.

याला पैशांची रमी समजू नका. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली. इथे डाव नसतो, गोष्ट असते. लिहायची सवय लागते.

मग काळजी कसली? बोहाड्यातला रावण कोण, हे गावाला ठाऊक असतं. मोबाईलवर मुखवट्यामागे कोण, ते कळत नाही. मैत्रीण म्हणवणारी एखादी चाळिशीचा पुरुषही निघेल. म्हणून मुलांना सांगा: खरं नाव, गाव, शाळा, फोटो कुणाला द्यायचा नाही. कुणी घाण बोललं किंवा "घरी सांगू नको" म्हणालं, की खेळ बंद करून आधी घरीच सांगायचं. त्रास देणाऱ्याचे मेसेज पुसू नका. 1098 वर फोन करा.

फोन हिसकावला तर पोरं लपून खेळतील. त्यापेक्षा भाकरी थापता थापता विचारा, "काय गं, तुझ्या राणीचं पुढं काय झालं?" जी पोर आईला राणीची गोष्ट सांगते, ती अडचणही सांगेल.