सारे एका पंगतीला



मनिल्यास लेकीकडे गेले असता एका रविवारी आम्ही सहकुटुंब साध्या खाणावळीत जेवलो. फिलिपिन्समध्ये अशा खाणावळीस ‘कारिंदेरिया’ म्हणतात. मांडलेल्या भांड्यांकडे बोट दाखवून हवा तो पदार्थ मागायचा, म्हणून ‘तुरो-तुरो’ असेही म्हणतात. भाषेवाचून अडत नाही!

‘सिनिगांग’ म्हणजे चिंचेने आंबट केलेले सार. बहुधा मांसाचे किंवा मासळीचे. ‘पिनाकबेत’ या भाजीत वांगी, भेंडी, कारले, भोपळा, सारे आपलेच! मात्र तीत खारवून आंबवलेली मासळी किंवा कोळंबी असते. शाकाहारी भगिनींनी आधी विचारावे. भात तर हवाच.

शेजारी एक कुटुंब आले. नातवंडांनी आजीचा हात कपाळी लावला. तिकडचा हा नमस्कार. मग आजी, मुलगे, सुना सारी एकदमच जेवायला बसली. वाढायला कोणी मागे उरले नाही. माझी मात्र चाळीस वर्षे सर्वांमागून, गार अन्न जेवण्यात गेली. “आई, आधी तू घे,” लेक म्हणाली, आणि मला घास उतरेना.

तिकडे सारे सुखाचेच आहे असे नव्हे. खाणावळवाली बाई आम्ही उठेपर्यंत उपाशीच उभी होती.

घरी आल्यावर मी भांडी मध्ये मांडू लागले. ज्याने त्याने वाढून घ्यावे. आमच्याकडचे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझे ताट मांडले.

भगिनींनो, एवढे करून पाहा.