पाळीची पोटदुखी आणि आपली जबाबदारी

(महाविद्यालयीन शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



हा विषय एका पुरुषाने व्यासपीठावरून मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. म्हणून त्याचे कारण प्रथम सांगतो. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. दर महिन्यास एखादा दिवस तिला अंथरुणावरून उठवत नाही. त्यानंतरच्या रजेच्या अर्जावर मी "ताप आला होता" असे लिहून सही करीत असे. लोकांना खरी माहिती देणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याच्या हातून वर्षभर खोटे लिहिले गेले. अखेर मुलीनेच विचारले, "बाबा, खरे कारण का लिहायचे नाही?" मजजवळ उत्तर नव्हते.

ही वेदना मनाचा खेळ नव्हे, की नाजूकपणाचे सोंग नव्हे. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात. त्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आकुंचन पावतात, त्यांचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो आणि ओटीपोटात कळा येतात. कंबर व मांड्या दुखतात. काहींना मळमळ व जुलाबही होतात. ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्ये तयार होण्यास अटकाव करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत. आयब्युप्रोफेन व मेफेनॅमिक ॲसिड ही औषधे याच तत्त्वावर काम करतात. वैद्यकीय सल्ल्याने, काही खाऊन आणि कळा सुरू होताच घेतल्यास त्यांचा गुण अधिक येतो. शेकानेही आराम पडतो. मात्र दुखणे वाढत चालले असेल, रक्तस्राव फार होत असेल वा औषधाने उतार पडत नसेल, तर एंडोमेट्रिऑसिससारख्या विकारासाठी तपासणी करून घ्यावी. "लग्न झाले की थांबेल" म्हणून वाट पाहत बसू नये.

जानेवारी २०२३ मध्ये कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने विद्यार्थिनींना प्रत्येक सत्रात उपस्थितीत २ टक्क्यांची सवलत दिली. त्याच महिन्यात केरळ शासनाने ती उच्च शिक्षण विभागाच्या अखत्यारीतील विद्यापीठांना लागू केली. सवलत लहान आहे. पण या वेदनेची नोंद सरकारी कागदावर झाली, हे महत्त्वाचे.

आपणांसही पुष्कळ करता येईल. महाविद्यालयात मुलींसाठी एक खाट असलेली खोली, गरम पाण्याची पिशवी आणि पाणी असलेले स्वच्छतागृह असावे. गावातील मुलींना व त्यांच्या आयांना आरोग्य केंद्राची वाट पंचायतीने दाखवावी. २०१४ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे, म्हणजे महाविद्यालयाची पहिली वर्षेही त्यात येतात.

गेल्या महिन्यात मी अर्जावर खरे कारण लिहिले. लिहिताना हात अडखळला, हे कबूल करतो. असा अर्ज आपल्या मेजावर आला, तर तो वाचताना आपण अडखळू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.