उरल्यासुरल्याची चिकटवही
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या तुकडीची एक चिकटवही करून शाळेच्या ग्रंथालयाला द्यायची असं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. ग्रुपवर लगेच सूचना आली, "ऑनलाइन तयार किट मिळतं, वर्गणी काढून मागवून टाकू." मी नको म्हटलं. का, ते आज सांगते.

हल्ली या छंदाला स्क्रॅपबुकिंग म्हणतात. स्क्रॅप म्हणजे उरलंसुरलं. कार्यानुभवाच्या तासाला आपण तेच चिकटवायचो. काडेपेटीचे छाप, लग्नपत्रिकांचे तुकडे, पिंपळाची जाळीदार पानं. आता हेच उरलंसुरलं नवंकोरं, प्लॅस्टिकच्या पाकिटात विकत मिळतं. चमकी, फुगीर स्टिकर, प्लॅस्टिकचे मोती, पीव्हीसीची पानं. म्हणजे कचरा वापरण्याच्या छंदासाठी आपण नवा कचरा मागवतो.

त्यात सगळ्यात वाईट चमकी. ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पॉलिस्टरचा चुरा असते. हात धुतले की मोरीतून ओढ्याला आणि ओढ्यातून तानसेला. तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं, पण आपण धरणाच्या खालच्या अंगाला. आपण सोडलेलं वैतरणेत आणि पुढे समुद्रात जातं. युरोपीय संघाने ऑक्टोबर 2023 मध्ये सुट्या प्लॅस्टिक चमकीच्या विक्रीवर बंदी आणली. आपल्याकडे सजावटीच्या थर्माकोलवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. चमकीसाठी कायद्याची वाट कशाला बघायची?

मग वही करायची कशी? पुठ्ठा घरोघरी येणाऱ्या खोक्यांचा. गोदामांच्या भिवंडी तालुक्यात त्याला तोटा नाही. त्यावर कापड जुन्या सुती साडीचं. सुती की पॉलिस्टर, हे एक दोरा जाळून कळतं. सुती दोऱ्याला कागद जळल्याचा वास येतो आणि राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

पानं मात्र विकत घेऊ, तेवढीच खरेदी. पुण्याच्या हातकागद संस्थेत 1940 पासून हातकागद बनतो, तोही सुती चिंध्यांपासून. वर्तमानपत्राचा कागद लाकडातल्या लिग्निनमुळे पिवळा पडतो. सुती कागदात लिग्निन जवळजवळ नसतं, म्हणून तो टिकतो. कच्चं काम पाठकोऱ्या कागदांवर करू.

चिकटवायला मैद्याची खळ. एका चमच्याला पाच चमचे पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. ती दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करायची. पूर्वी बाइंडर खळीत मोरचूद घालायचे, पण ते विषारी आहे. वही मुलांच्या हातात जाणार, तेव्हा ते नको. पातळ थर द्यायचा, पान पूर्ण वाळवायचं आणि कपाटात वेखंडाचा तुकडा ठेवायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात एवढी काळजी लागतेच.

फोटोंना खळसुद्धा लावायची नाही. जुन्या पाकिटांचे कोपरे कापून त्यात फोटो अडकवायचे. उद्या कोणाला प्रत हवी असेल तर फोटो न फाटता निघेल. वही स्पायरल न करता दोऱ्याने बांधू, म्हणजे पानं वाढवता येतील. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही हेच धोरण असतं. आहे ते आधी वापरा, आणि जोडलेलं सहज सोडवता येईल असं जोडा.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, सगळं क्लाउडवर टाका. क्लाउड म्हणजेही कुठेतरी दिवसरात्र वीज खाणारे सर्व्हर. एकच फोटो चाळीस जणांनी चाळीस ठिकाणी साठवला की तोही कचराच. स्कॅनची एक चांगली प्रत ठेवू, बाकीच्या पुसू.

आणि सगळंच आपोआप टिकत नाही. एसटीचं पंच मारलेलं जुनं तिकीट आजही वाचता येतं. आताचं मशिनचं तिकीट उष्णतेने उमटतं आणि काही महिन्यांत कोरं होतं. तसं काही असेल तर त्यावरचा मजकूर शाईने उतरवून घ्या. लॅमिनेशन करू नका, त्यानंतर तो कागद रद्दीतही धड जात नाही.

खरी घाई वेगळीच आहे. आपली जुनी घरं पाडून नवी बांधली जाताहेत. आई-वडिलांच्या ट्रंका उघडतात आणि त्यातलं सगळं एका सकाळी किलोच्या भावाने जातं. प्रगतिपुस्तकं, सहलीचे फोटो, बाईंनी लाल शाईने शेरा मारलेल्या वह्या. किट कधीही मिळेल, हे पुन्हा मिळणार नाही.

म्हणून विनंती एवढीच. रद्दीवाला येण्याआधी ट्रंक एकदा स्वतः उपसा. प्रत्येकाने एक वस्तू द्यावी. मागे पेन्सिलने नाव, साल आणि दोन ओळी लिहाव्यात. लग्नपत्रिकेवरचा गणपती टाकवत नाही म्हणून ज्यांच्याकडे गठ्ठा साठलाय, त्यांनी तोही आणावा. वहीचं पहिलं पान त्याचंच असेल.