तड्याची नोंद, घराची राखण

(अक्कलकुवा येथे घरकुल लाभधारक व गवंडी बांधवांसमोर केलेले भाषण)



कुडाच्या घरातून पक्क्या घरात जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला जोत्याचे मोल वेगळे सांगावयास नको. त्या जोत्याच्या काँक्रीटवर बारीक तडा दिसला की वाटते, घर धोक्यात आले. किंवा तपासणीपूर्वी सिमेंटचा हात फिरवून तो बुजवावा, नाहीतर पुढचा हप्ता अडेल. दोन्ही विचार घाईचे आहेत.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतली जातात. जोते पूर्ण झाल्याची साक्ष छायाचित्र देते. पण तडा स्थिर आहे की वाढतो आहे, हे लेखी नोंदीवरूनच कळते.

काँक्रीट सुकताना आकसते. पाणी मारण्यात हयगय झाली की पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात. म्हणूनच किमान ७ दिवस, आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते.

खचण्यामुळे पडणारा तडा मात्र निराळा. सातपुड्याच्या उतारावर एक बाजू खोदून दुसरीकडे भराव टाकावा लागतो. तो नीट चोपला नाही, तर जोते एका अंगाने बसते. सपाटीवरील काळी माती पावसात फुगते व उन्हात आकसते. अशा वेळी तड्याच्या कडा खालीवर होतात आणि तो भिंतीत तिरपा चढू शकतो.

भारतीय मानक संस्थेने १९८४ च्या पुस्तिकेत १ मिलिमीटरहून कमी रुंदीचा तडा बारीक, १ ते २ मिलिमीटरचा मध्यम आणि त्याहून मोठा तो रुंद, असे वर्गीकरण केले. परंतु केवळ रुंदीवरून कारण ठरत नाही. म्हणून तपासणी अहवालात ‘किरकोळ तडा’ एवढाच शेरा अपुरा होय. तड्याची जागा, लांबी, रुंदी, दिशा, कडांची पातळी व पाहणीचा दिनांक नोंदविला गेला पाहिजे.

लाभधारकांनीही तड्याच्या दोन्ही टोकांशी खूण करून तारीख लिहावी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावे. तडा खुणेपलीकडे गेला असेल, तर तो न बुजविता अभियंत्यास दाखवावा. भिंती व छत चढण्यापूर्वी जोत्याची दुरुस्ती सोपी असते. नंतर तिचा भार त्याच कुटुंबावर पडतो.