मे महिना आणि माशांची टाकी
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने माशांवर काय बोलावं, असं कुणाला वाटेल. पण मी आणि माझी टाकी या इमारतीत एकाच वर्षी राहायला आलो. नागपूरचे पंचवीस उन्हाळे दोघांनीही काढले आहेत.

आजचा विषय मी मागून घेतला, त्याला कारण आहे. मागल्या नवतप्यात एका दुपारी वीज गेली ती रात्री नऊला आली. आपल्यापैकी एका घरी अकरा मासे होते, सकाळी दोन उरले. ती टाकी आता गॅलरीत पालथी पडली आहे. त्या घरच्या मुलीने मला विचारलं, "आजोबा, मासे तर पाण्यातच असतात, मग त्यांना गरम कसं होतं?" प्रश्न चोख आहे.

मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापेल तसं त्याचं अंग तापतं, आणि अंग तापलं की प्राणवायू जास्त लागतो. नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू घटतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात तो साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना जेमतेम साडेसात. खर्च वाढतोय आणि शिल्लक कमी होतेय, अशा खात्याचं काय होतं ते मला विचारा! मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले, की ते खेळत नसतात, बरं का. गप्पी, मोली 28 अंशांपर्यंत मजेत राहतात. गोल्डफिश बिचारा थंड पाण्यातला, त्याला 20-22 अंश मानवतात. म्हणून नवशिक्यांनी इथे गोल्डफिशच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तो काचेचा गोल बाउल तर नकोच. तीन-चार लिटर पाणी तापायला कितीसा वेळ लागतो?

उपाय आपल्या घरातच आहे. माठ गार कशाने होतो? कूलर कशाने? पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. टाकीचं झाकण काढा, मासे उडी मारतात म्हणून वर मच्छरजाळी ताणा, आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर तिरका सोडा. हिशेब सांगतो. एक लिटर पाणी उडालं की सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता जाते. टाकी 100 लिटरची असेल, तर कागदावर जवळपास सहा अंश उतरले. खोलीची उष्णता परत आत शिरते, त्यामुळे हातात दोन-तीन अंशच पडतात. पण जगण्या-मरण्यात फरक तेवढाच असतो. मुंबईच्या दमट हवेत ही युक्ती तितकी चालत नाही. आपल्याकडेही बंद खोलीत कूलर लावला तर हवा तशीच दमट होते, तेव्हा खिडकी उघडी ठेवा.

उडालेलं पाणी रोज भरावं लागतं. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी मे महिन्यात चहाला चालेल, माशांना नाही. रात्री बादली भरून घरात झाकून ठेवा आणि सकाळी थोडं थोडं ओता. क्षार मात्र मागे राहतात, म्हणून आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. बर्फाचे खडे टाकू नका. एकदम गार झालेलं पाणीही माशाला सोसत नाही. बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली तरंगत ठेवा. दुपारी टाकीचा दिवा बंद, खाणं निम्मं. पश्चिमेची खिडकी आणि फ्रिजचा माथा, या दोन जागा टाकीसाठी वर्ज्य.

वीज गेली की पंखा आणि हवेचा पंप दोन्ही थांबतात. मागल्या वर्षी तेच झालं. अशा वेळी दर दहा मिनिटांनी मगाने पाणी काढून फूटभर उंचीवरून परत ओतत राहा. मुलं हे काम आनंदाने करतात.

सुट्टीत मामाकडे जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगून जावं. खाण्याच्या रोजच्या पुड्या बांधून द्या, नाहीतर शेजारी प्रेमापोटी मूठभर टाकतात. बॅटरीवर चालणारे दोन पंप मी आणून ठेवलेत. तळमजल्यावर माझी बेल वाजवा, मी दुपारी झोपलेलो असलो तरी. आणि ती गॅलरीतली टाकी सरळ करायची असेल, तर गप्पीची पिल्लं माझ्याकडे भरपूर आहेत.